मुंबईतील एक ध्वनिमुद्रण आणि त्याची समीक्षा : ‘वंडरवॉल म्युझिक’ (१९६८)

इ. स. १९६८ च्या जानेवारी महिन्यात मुंबईच्या फोर्ट विभागात, फिरोजशहा मेहता रस्त्यावरील ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणशाळेत, इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या विख्यात रॉकसंघाचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने काही दिवस बसून भारतीय वादकांकडून संगीत वाजवून घेतले. त्या आणि त्यापूर्वी लंडनमध्ये झालेल्या मुद्रणांतून सिद्ध झालेली ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. बीटल्सपैकी कोणाही एकाने स्वतंत्रपणे काढलेली ही पहिली तबकडी होय. शिवाय, प्रस्थापित कंपन्यांच्या तंत्राबाहेर राहून कलावंतांना मोकळेपणाने काम करता यावे या हेतूने या चौघांनी ‘ॲपल’ ही जी स्वतःची संस्था काढली, तिचीही ही पहिलीच दीर्घ तबकडी. (वितरण मात्र ईएमआय या जुन्याच कंपनीकडे राहिले, आणि मुंबईची ध्वनिमुद्रणशाळाही त्याच कंपनीच्या परिवारातील होती, स्वतंत्र संस्थांचे स्वातंत्र्य पुष्कळदा अशाच प्रकारचे असते.)

रॉकसंगीताच्या इतिहासात या दोन ‘पहिलेपणां’ची नोंद आवर्जून केली जाते. त्या पलीकडे या तबकडीविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी हॅरिसनच्या आध्यात्मिक प्रवासासंबंधी आणि पूर्व-पश्चिम मीलनासंबंधी आहे. मुंबई तेथे येते ती रंगापुरती. वस्तुतः या तबकडीवरील भारतीय तुकडे ऐकताना जो गुण प्रथम जाणवतो, तो म्हणजे दोन-तीन मिनिटांत, कित्येकदा त्याहूनही कमी वेळात, एक भाव पुरता उभा करून थांबण्याची हातोटी. ही हातोटी लंडनहून आलेली नाही, आणि मैफलीच्या परंपरेतूनही ती सरळ आलेली नाही. तिचा उगम मुंबईच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायात शोधावा लागतो, आणि पाश्चात्त्य व भारतीय या दोन्ही समीक्षांनी नेमके हेच स्थळ पाहावयाचे सोडले.

या व्यवसायाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. फ्रेड गेसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास येऊन भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली, आणि १९०८ मध्ये त्याच शहरात तबकड्या काढण्याचा कारखाना सुरू झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. बारा इंची असली तर मिनिट-दीड मिनिट अधिक. तास-दीड तास एका रागाचा विस्तार करणाऱ्या गवयांना ही अट अवमानकारक वाटली तर नवल नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांनी तबकडी दिलीच नाही. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांची गायकी पुढील पिढ्यांस शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावी लागली. याउलट अब्दुल करीमखाँ यांच्या तबकड्यांनी किराणा गायकी जेथे मैफल कधी पोचली नसती अशा घरांत नेली. खुद्द अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी भैरवीतील एक रचना साडेतीन मिनिटांत गाऊन ठेवली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पृथ्वीवरील संगीताचे जे नमुने अंतराळात धाडण्यात आले, त्यांत भारतातर्फे याच साडेतीन मिनिटांची निवड झाली. गुरूने जे माध्यम नाकारले त्याच माध्यमाने शिष्येचा स्वर सूर्यमालेच्या बाहेर नेला.

तीन मिनिटांची ही अट म्हणजे केवळ कात्री होती, असा समज संगीतविषयक लेखनात दीर्घकाळ रूढ राहिला. परंतु कात्रीने कापलेली वस्तू आणि त्याच मापात घडविलेली वस्तू यांत भेद असतो. रागाचे मुख पहिल्या दोन आवर्तनांतच उघडणे, आलापाचा सार एका वाक्यात आणणे, तान नेमकी कोठे घेतली असता शेवट ओढून आणल्यासारखा वाटणार नाही याचा अंदाज बांधणे, ही एक स्वतंत्र कारागिरी आहे. मराठी भावगीत तर या मापातच जन्मास आले. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गाइली, तेव्हा कवितेचे गाणे होताना तबकडीची लांबी हीच त्याची चौकट ठरली. हेच जोशी पुढे ग्रामोफोन कंपनीच्या मुंबई शाखेत अधिकारपदावर गेले आणि अनेक वर्षे कोणत्या कलावंताचे काय मुद्रित व्हावे हे ठरविणाऱ्या मोजक्या मंडळींत राहिले. त्यांचा संबंध प्रस्तुत विषयाशी पुढे येणार आहे.

दुसरी शाळा चित्रपटांची. मुंबईच्या चित्रपटांतील पार्श्वसंगीतात काम करणाऱ्या वादकाला पडद्यावरील प्रसंगाची लांबी सेकंदांत सांगितली जाते, आणि तेवढ्यात त्याने रडवावे, हसवावे वा धाक घालावा अशी अपेक्षा असते. गोव्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक पाश्चात्त्य स्वरलेखनात निष्णात होते. उत्तर हिंदुस्थानी वादक रागसंगीतात मुरलेले होते. एकाच खोलीत दोघांनी एकत्र काम करावयाचे, तेही निर्मात्याचे भाडे चढत असताना, या गरजेतून एक मिश्र व्यवहारभाषा तयार झाली. १९६८ पूर्वी कित्येक वर्षे ती रुळलेली होती.

अशा ठिकाणी हॅरिसन आला. १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात त्याने सतार वाजविली, ती अननुभवी हाताने. १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे त्याने रीतसर शिकण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो मुंबईस येऊन राहिला. रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांचीही त्याच्या त्या शिक्षणात मदत झाली. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या तबकडीवर त्याचे एक मुख्यतः भारतीय वाद्यांवर रचलेले गीत आहे. ते लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’मधील वादकांनी वाजविले, परंतु तबकडीच्या वेष्टनावर त्या वादकांची नावे दिलेली नाहीत. ती नावे पुढे कित्येक दशकांनी संशोधकांनी शोधून काढली. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे ‘वंडरवॉल’च्या वेष्टनाचे महत्त्व कळते.

‘वंडरवॉल’ हा जो मॅसॉट या दिग्दर्शकाचा चित्रपट. भिंतीतील भोकातून शेजारच्या तरुणीचे आयुष्य न्याहाळणारा एक एकलकोंडा शास्त्रज्ञ, एवढीच त्याची कथा. संवाद अगदी थोडे. त्यामुळे संगीताला वाव मोठा होता. मॅसॉटने हॅरिसनला जे हवे ते करण्याची मुभा दिली. हॅरिसनला पार्श्वसंगीताचा अनुभव नव्हता. त्याने चित्रपट पाहत घड्याळ लावून प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली, ती टिपून घेतली, आणि त्या त्या मापाचे तुकडे रचावयास घेतले. रॉक-समीक्षकांना ही पद्धत मोठी विलक्षण वाटली. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांतील वादकांना ती ऐकून काही नवे वाटले असेल असे मानण्यास आधार नाही. त्यांची रोजची भाकरीच त्या पद्धतीवर होती.

नोव्हेंबर व डिसेंबर १९६७ मध्ये लंडनला काही मुद्रणे झाली. लिव्हरपूलचा ‘रेमो फोर’ हा रॉकसंघ, एरिक क्लॅप्टन, आणि रविशंकरांच्या सहवासात भारतीय संगीत शिकलेला पियानोवादक जॉन बारहॅम ही मंडळी त्यांत होती. तेथील रॉकतुकडे आज ऐकता बरे वाटतात, क्वचित गमतीचेही वाटतात. त्यांविषयी अधिक लिहिण्याजोगे नाही. अपवाद ‘स्कीइंग’ या तुकड्याचा. त्यातील गिटारचे ध्वनी एकमेकांवर असे रचले आहेत की ते पुढच्या ‘गत किरवाणी’ या सरोद-सतारीच्या तुकड्याशी शेजाराने न्याय करतात. एका बाजूस विजेचे गिटार, दुसऱ्या बाजूस किरवाणीतील द्रुत गत, आणि मध्ये जोडणारे निवेदन काहीच नाही. पूर्व-पश्चिमेविषयी या तबकडीने जे म्हटले आहे ते एवढ्या शेजारात आले. पुढे समीक्षकांनी त्यावर चढविलेली भाष्ये त्या मानाने शब्दबंबाळ आहेत.

जानेवारीत मुंबईत जे घडले त्याची हकीकत हॅरिसननेच पुढे मुलाखतींतून सांगितली. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गिकांचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण-यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईस आणविले. हेच मेनन पुढे अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीचे आणि नंतर ईएमआयच्या जागतिक संगीत-व्यवसायाचे प्रमुख झाले. ध्वनिमुद्रणाची खोली बाहेरच्या आवाजापासून पुरती बंदिस्त नव्हती. रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट आत येई, आणि कचेऱ्या सुटण्याच्या वेळी जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा आवाज ध्वनिफितीवर उमटे. लंडनच्या सुसज्ज शाळेत वाढलेल्या कलावंताला याचे कौतुकमिश्रित आश्चर्य वाटले. मुंबईकर वादकाला वेळ साधून वाजविणे हा कामाचाच भाग होता. ज्या खोलीत शांतता उसनी मिळते तेथे पहिल्याच खेपेस बरोबर वाजविण्याची सवय लागते, ही गोष्ट छोटी दिसली तरी या तबकडीच्या ताजेपणाशी तिचा संबंध असावा.

वेष्टनावर ज्या वादकांची नावे छापली आहेत त्यांत सरोदवादक आशिष खाँ, तबला व पखवाज वाजविणारे महापुरुष मिश्र, संतूरवादक शिवकुमार शर्मा, सुरबहारवर चंद्रशेखर, बासरीवर एस. आर. केंकरे, तार-सनईवर विनायक व्होरा, हार्मोनियम व तबला-तरंगावर रिजराम देसाड, तसेच सतार व सनई वाजविणारे आणखी काही जण आहेत. ‘मायक्रोब्ज’ या आरंभीच्या तुकड्यात सनई आहे. आपल्याकडे लग्नमंडपाशी आणि देवळाच्या चौघड्याशी जोडलेले हे वाद्य येथे सूक्ष्मदर्शकाखालच्या जंतूंच्या दृश्यासाठी योजिले आहे. भारतीय श्रोत्याला हे प्रथम विपरीत वाटते. परंतु विपरीतपणाचा हा धक्का पाश्चात्त्य श्रोत्याला बसतच नाही, कारण त्याच्या मनात सनईबरोबर मंडप येत नाही. एकाच तुकड्याचे दोन श्रोतृवर्गांत दोन अर्थ होतात, आणि समीक्षेने त्यातला एकच नोंदविला.

तथापि या तबकडीवरील सर्वांत विचारार्ह तुकडा ‘क्राइंग’ हा आहे. लांबी जेमतेम सव्वा मिनिटाची. त्यात विनायक व्होरा यांची तार-सनई रडते. तार-सनई हे वाद्य म्हणजे एक इसराजच. मात्र त्याच्या तारांचा कंप ग्रामोफोनच्या ध्वनिपेटीसारख्या पडद्यावर नेऊन कर्ण्यावाटे बाहेर काढलेला असतो. म्हणजे ज्या यंत्राने जुन्या गवयांना तीन मिनिटांत कोंडले, त्याच यंत्राचा एक अवयव देशी वाद्यावर बसवून हा नवा करुण स्वर निर्माण झाला. चित्रपटसृष्टीने तो तत्काळ हेरला. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) मुलीच्या मृत्यूची वार्ता बापाला कळते त्या क्षणी आईचा आक्रोश ऐकू येत नाही, त्याच्या जागी तार-सनई ऐकू येते. रविशंकरांचे संगीत असलेल्या त्या प्रसंगात दक्षिणामोहन टागोर यांनी ती वाजविली होती. ‘क्राइंग’ला ही परंपरा आहे. रडण्याच्या जागी तार-सनई योजावी हे मुंबई-कलकत्त्याच्या चित्रपटव्यवहारात तेरा वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. पाश्चात्त्य समीक्षकांनी या तुकड्याची तारीफ करताना त्याला हॅरिसनच्या कल्पकतेचे उदाहरण म्हटले. कल्पकता आहेच, परंतु ती ओळखण्याची आहे, शोधण्याची नव्हे. हॅरिसनने योग्य वादकाला योग्य जागी मोकळे सोडले, आणि हे श्रेय काही लहान नाही.

याच मुंबईच्या मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. केम्ब्रिजचे संस्कृत अध्यापक हुआन मास्कारो यांनी सुचविल्यावरून लाओत्सेच्या ग्रंथातील आशयावर हे गीत रचले होते. त्यात बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आहे. फेब्रुवारीत लंडनला गायन जोडण्यात आले आणि १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूस ते निघाले. बीटल्सच्या सुट्या तबकडीवर हॅरिसनचे गीत प्रथमच आले, ते मुंबईच्या वादकांच्या खांद्यावर बसून आले.

तबकडीचे स्वागत कसे झाले? आरंभी थंडच म्हणावे लागेल. इंग्लंडमधील खपाच्या यादीत तिला स्थान मिळाले नाही. अमेरिकेत ती ‘बिलबोर्ड’च्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत चढली. अवघ्या तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, बीटल्सची दुहेरी पांढरी तबकडी आली आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले. चित्रपट मेमध्ये कान येथे दाखविण्यात आला होता, पण त्याचे व्यावसायिक प्रदर्शन फसले. म्हणजे ज्या चित्रांसाठी संगीत रचले ती चित्रेच श्रोत्यापुढे नव्हती. गायन जवळजवळ नाही, गीत नाही, एकोणीस लहान तुकडे, त्यांतले निम्मे अनोळखी वाद्यांवर : रॉक-समीक्षकापुढे प्रश्न असा होता की याला कोणत्या मापाने मोजावे. काहींनी ते पार्श्वसंगीत म्हणून बाजूस सारले, काहींनी त्यात साधकाची नम्रता पाहिली. वादन कसे झाले आहे याविषयी मात्र लिहिण्याची तयारी फारशी कोणाची नव्हती.

१९९० नंतर चित्र पालटले. १९९२ मध्ये तबकडी नव्या स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये ‘ओएसिस’ या इंग्लिश संघाने तिच्या नावावरून आपल्या एका गीताला नाव दिले आणि ते गीत जगभर गाजले. त्यामुळे मूळ नावाविषयी कुतूहल वाढले. ‘विश्वसंगीत’ या नावाचा एक विक्रीविभाग तोवर दुकानांत निर्माण झाला होता, आणि या तबकडीला त्या विभागाची पूर्वज म्हणून मान मिळू लागला. २०१४ मध्ये हॅरिसनच्या ॲपल-काळातील तबकड्यांच्या संचात तिची आणखी एक आवृत्ती निघाली. आधीची उपेक्षा आणि नंतरचा गौरव ही दोन टोके दिसत असली तरी दोहोंची भूमिका एकच राहिली. दोन्ही वेळी प्रश्न विचारला गेला तो हॅरिसनसंबंधी. प्रथम विचारले, याने आपली वाट सोडली काय. नंतर विचारले, याने वाट दाखविली काय.

हा एकांगीपणा स्पष्ट होण्यासाठी दुसऱ्या एका तबकडीचा विचार करणे अवश्य आहे. तीही याच कंपनीची, मुंबईतच सिद्ध झालेली, ‘वंडरवॉल’च्या आदल्या वर्षीची म्हणजे १९६७ ची. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे तिचे नाव. निर्माते वर उल्लेखिलेले जी. एन. जोशी. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काब्रा, तबला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातील एका धनगराचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांतून सांगावयाचा, ही तिची कल्पना. अहिर भैरव व नट भैरवाने उजाडते, पिलू येतो, मग भूप, देस, आणि पहाडीने शेवट. पाच तुकडे, एकूण वेळ सुमारे चाळीस मिनिटे. दीर्घ तबकडीची बाजू वीसेक मिनिटांची असते. त्या मापात प्रत्येक रागाला त्याच्या प्रहरासह बसवून, आणि बाजू उलटण्याच्या क्षणाचाही उपयोग करून घेऊन, जोशी यांनी रचना केली. भावगीताच्या तीन मिनिटांत ज्याचे शिक्षण झाले त्याच्या हातून हे व्हावे यात आश्चर्य नाही. रॉकच्या समीक्षेत ज्याला एका कल्पनेवर गुंफलेली तबकडी म्हणतात, तिचे हे निर्दोष उदाहरण ‘सार्जंट पेपर’च्याच वर्षी मुंबईत तयार झाले होते.

शिवकुमार शर्मा या दोन्ही तबकड्यांवर आहेत, आणि त्यांच्या वाद्याची कथा प्रस्तुत विवेचनाला पुष्टी देणारी आहे. संतूर हे काश्मिरातील सूफियाना संगीताचे वाद्य. तारांवर हलक्या काठ्यांनी आघात करून वाजविले जाणारे. स्वर लागला की विरतो, मींड घेता येत नाही. १९५५ मध्ये मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात सतरा वर्षांच्या शिवकुमारांनी ते रागसंगीतासाठी प्रथम वाजविले, तेव्हा जाणकारांचा आक्षेप हाच होता, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. वाद्य सोडून दुसरे घ्यावे असाही सल्ला त्यांना मिळाला. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटात, वसंत देसाई यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली, त्यांचे संतूर पार्श्वसंगीतात आले. मैफलीने ज्याला दाराशी थांबविले त्याला ध्वनिमुद्रणशाळेने आत घेतले. पुढील वर्षांत त्यांनी वाद्याच्या तारांची मांडणी बदलली, ते लाकडी घोडीऐवजी मांडीवर घेतले, काठी तारेवर सरकवून सलग स्वराचा आभास निर्माण केला, आणि आक्षेप घेणाऱ्यांना मैफलीतच उत्तर दिले. १० मे २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा संतूर हे शास्त्रीय वाद्य आहे की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. काब्रांच्या गिटारची वाटही अशीच. ज्या वाद्याला पाश्चात्त्य आणि चित्रपटी म्हणून हिणविले जाई, ते त्यांनी मांडीवर आडवे ठेवून, अली अकबर खाँ यांच्या तालमीत, मींडेचे वाद्य करून दाखविले.

‘कॉल ऑफ द व्हॅली’चा खप मोठा झाला आणि टिकला. पाश्चात्त्य रॉक-कलावंतांत तिचे चाहते म्हणून हॅरिसन, पॉल मॅकार्टनी, बॉब डिलन यांची नावे घेतली जातात. परंतु भारतीय संगीत-समीक्षेला तिच्याविषयी काय म्हणावे हे उमगले नाही, असेच म्हणावे लागते. मराठीतील संगीतविचार त्या काळी मोठ्या उंचीवर होता. वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ १९६१ मध्ये आला आणि स्वर-लयीच्या तोलावर घराण्यांचा विचार करण्याची एक समर्थ परिभाषा त्याने दिली. पण ती परिभाषा मैफलीची, कंठसंगीताची आणि गुरुपरंपरेची होती. तबकडीचा उपयोग तीत गायकीचा पुरावा म्हणून होई. तबकडी हीच कृती आहे ही कल्पना तीत बसत नव्हती. त्यामुळे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला विचारला गेलेला प्रश्न ‘राग पुरा मांडला काय’ हा राहिला. १९६८ मध्येच शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. रईस खाँ यांची सतार आणि चित्रपटातील नाणावलेले जॅझ-वादक तीत एकत्र आले. तिला तर चित्रपटवाल्यांची हौस यापलीकडे नाव मिळाले नाही. एका वर्षाच्या अंतराने एकाच शहरात तीन प्रयोग झाले, वादक आणि संयोजक पुष्कळसे एकाच वर्तुळातले, आणि तिघांचा एकत्र विचार करण्याची गरज त्या वेळी कोणास भासली नाही. रविशंकर माँटेरेला (१९६७) आणि वुडस्टॉकला (१९६९) वाजवून आले त्यावर मात्र वाद झडले. ते वादही व्यक्तीभोवती, आणि शुद्धतेभोवती.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रपटातील पार्श्वसंगीताची चतुराई आणि रागसंगीताची साधना यांची तुलनाच अनुचित आहे. सव्वा मिनिटाचे रडणे आणि अर्ध्या तासाचा मारवा यांना एका तागडीत घालता येणार नाही. आक्षेप खरा आहे. ‘वंडरवॉल’वरील काही तुकडे दृश्यावाचून लंगडे पडतात, आणि ‘गुरुवंदना’सारख्या तुकड्यात रागाचे नाव घेता येईल एवढेच द्रव्य आहे. परंतु प्रश्न श्रेष्ठतेचा नसून वर्णनाचा आहे. जी वस्तू सव्वा मिनिटासाठीच घडविली, तिचे वर्णन अर्ध्या तासाच्या वस्तूचा तुकडा असे केले, तर ती वस्तूही हुकते आणि घडविणारा हातही हुकतो. ख्यालाला ध्रुपदाच्या मापाने मोजणाऱ्यांनी एके काळी हेच केले होते.

श्रेयाचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो. ‘सार्जंट पेपर’वर भारतीय वादक निनावी राहिले, ‘वंडरवॉल’वर ते नावानिशी आले, आणि हा फरक हॅरिसनने जाणूनबुजून केला असे मानण्यास हरकत नाही, कारण मुंबईच्या चित्रपट-व्यवसायातही पार्श्वसंगीतातील वादकाचे नाव देण्याची प्रथा नव्हती. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीत-दिग्दर्शक येई, फार तर त्याचा साहाय्यक. साठ वादकांची नावे कोण लिहिणार? केंकरे, व्होरा, देसाड यांच्यासारख्यांची नावे जगातल्या लक्षावधी घरांत पोचली ती या एका वेष्टनामुळे. त्यांनी आयुष्यभर जे इतर वाजविले असेल त्यातले बहुतेक नावाविना आहे, आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायाचा इतिहास लिहावयास घेणाऱ्यापुढील पहिली अडचण हीच आहे. कंपनीच्या नोंदवहीत तबकडीचा क्रमांक सापडतो. तार-सनई कोणी धरली होती ते सापडत नाही.

नावे छापली गेली, ती मात्र लंडनच्या कानाने ऐकलेली. सतारवादक इंद्रनील भट्टाचार्य तेथे ‘इंड्रिल’ झाले. सनईवादक हनुमान यांचे आडनाव ‘जदेव’ असे छापले आहे. सनईच्या परंपरेत आणि महाराष्ट्रात ते ‘जाधव’ असण्याचा संभव अधिक, पण वेष्टनावरून घेतलेल्या पुढील सर्व सूच्यांत ‘जदेव’च चालू राहिले आहे. १९०२ मध्ये गेसबर्गपुढे गौहरजान गाइली तेव्हा प्रत्येक गाण्याच्या अखेरीस ती इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत असे, म्हणजे जर्मनीत तबकडी काढणाऱ्या कामगारांना चिठ्ठीवर काय छापावे हे कळावे.